केनवडला जायचा कोट

लढाई संपली आणि आमचे हे फौजेतून परत आले ते फटफटी घेऊनच. फौजेत ते मोटारी दुरुस्त करायच्या कामावर होते. सरकारनं लढाईचं सामान विकायला काढलं तेव्हा बाकीच्या शहाण्या माणसांनी घोंगड्या घेतल्या, बूट घेतले, पाण्याचे डबे घेतले. यांनी ही मातकट हिरवी, जागोजागी खरचटलेली गाडी घेतली. वाशिमच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा होता, त्याच्या वाटेनं ती पहिल्यांदा आली तेव्हा मोटेचे बैल सोंदराच्या दोरासकट पळाले आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथीच्या वाफ्यातून विळा घेऊन उठल्या.

"बंद कर ते!"

यांनी बंद केली. आत्याबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि लगेच खोट काढली.

"हे तं सोताच उभं राहत नाही बाप्पा. टेकू लावा लागते. जे सोता उभं राहत नाही त्याच्यावर मानसानं कायले बसावं?"

मी पदराआड हसून घेतलं. पण हसता हसता माझ्या डोक्यात केनवड आलं.

केनवड माझं माहेर. बैलगाडीनं जायचं तर अख्खा दिवस वाटेत जायचा, यायला तितकाच, आणि तेवढे दिवस बैल मोटेवरून सोडले तर इकडे वांगी सुकणार. त्यामुळे दिवाळीला भाऊ न्यायला आला तर माहेर, नाही तर नाही. त्या वर्षी तो आला नव्हता. उन्हाळा लागला तसा केनवडचा एक गाडीवान बाजारात माझ्या पाटीपुढे उभा राहिला आणि वांगी चाचपत म्हणाला, "तुह्या मायचे डोये चालले वं. एकानं तं दिसतच नाही. दुसऱ्यानं धुकट दिसते. म्हनते, पुरा अंधार व्हायच्या आंधी पोरीचं तोंड पाहू द्या."

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आईला दिसतंय तोवर तिच्यापुढे जाऊन उभं राहायचं होतं.

हे म्हणाले, फटफटीनं जाऊ की, त्यात काय! आत्याबाई म्हणाल्या, मुळीच नाही. त्यांच्याकडे कारणही होतं. मागच्याच आठवड्यात हे गाडीवाटेच्या चाकोरीत चाक अडकून पडले होते आणि गुडघ्याचं सालपट काढून घरी आले होते.

"बैलगाडीतून पडलं तं मानूस उठते अन् गाडीमांगं पयते," आत्याबाई म्हणाल्या. "याच्यावरून पडलं तं कातडं सडकेवर राह्यते अन् मानूस पुढं जाते. लोकाची पोर हाये ते. तिच्या मायले मी काय सांगू? डोयानं दिसत नाही तं हातानं चाचपून पाहा, पोर कुठं कुठं फुटली ते?"

भाकरी थापताना माझ्या परातीचा आवाज जरा जास्तच झाला असेल, कारण आत्याबाईंनी चुलीकडे न पाहता एक अट घातली. "अंगाले खरचटनार नाही असं कायी घालायले भेटलं, तं जा. माही ना नाही."

त्यांना वाटलं, न होणारी अट घातली की विषय मिटला. मला या घरात येऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा माझा स्वभाव त्यांना पुरता कळायचा होता.

फौजेत फटफटीवरून निरोप नेणारे शिपाई काय काय घालतात ते मी यांच्याकडून रात्रंदिवस विचारून घेतलं. चामड्याचा कोट, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोक्याला टोपी, डोळ्यांना धुळीचा चष्मा. यांचा स्वतःचा फौजेचा कोट होता, बूट होते. प्रश्न माझा होता. आधी आम्ही गावातल्या शिंप्याकडे गेलो. त्यानं विचारलं, बाईमाणसाला कोट कशाला? यांनी सांगितलं, पडायला. शिंप्यानं यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जाड कापडात माझ्या मशीनची सुई मोडते असं सांगून आम्हाला वाटेला लावलं.

मग उरले टांगा अड्ड्याजवळचे चाचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खोगिरं, लगाम आणि टांग्याच्या घोड्यांचं सगळं सामान शिवत. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे घर. चाचा उंचपुरे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि हाताचे पंजे तर भाकरीएवढे. यांनी काय हवंय ते सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दाभण बाजूला ठेवून त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "पडशाल कोन्या बाजूनं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. याचा विचार आम्ही केला नव्हता.

"घोडं पडते ते गुडघ्यावर," चाचा म्हणाले. "म्हनून त्याच्या गुडघ्याले गादी. बैलाचं वझं खांद्यावर, म्हनून खांद्याले गादी. फटफटीवरचं मानूस कसं पडते ते मले दाखवा, मंग मी सांगतो जाड कुठं अन् पतलं कुठं."

तेव्हा आमच्या यांनी, फौजेतून सलामत आलेल्या माणसानं, भर बाजारात चाचांच्या ओट्यावरून खाली पडून दाखवलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चाचा खडू घेऊन जिथं जिथं धूळ लागली तिथं तिथं यांच्या सदऱ्यावर खुणा करत होते. खांदा, कोपर, कंबरेचं हाड, गुडघा, तळहात. टांगेवाले गोळा झाले. एकानं सुचवलं, "आता पाठीवर पडा, भाऊ." हे पाठीवरही पडले. माझ्यासाठी माणूस इतक्यांदा जमिनीवर पडतोय हे पाहून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कापडाची निवड व्हायला मात्र वेळ लागला. चामडं सबंध घेतलं तर उन्हात भाजून निघेन, नुसतं तंबूचं कापड घेतलं तर सडकेवर फाटेल. शेवटी ठरलं की वरून तंबूचं जाड कापड, आतून मऊ सूत, आणि खडूच्या खुणांवर नमदा भरून वर चामड्याचा तुकडा. नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर. खोगीर पाठीला घासू नये म्हणून ती घोड्याच्या पाठीवर घालतात. चाचांनी तिचा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला आणि वर मूठ आपटून दाखवली. मीही आपटून पाहिली. खरंच लागलं नाही. नऊवारीचा काष्टा असल्यानं मी दोन्हीकडे पाय टाकूनच बसणार होते, म्हणून गुडघ्यांना लुगड्यावरून बांधायच्या दोन गाद्या वेगळ्या सांगितल्या.

आता माप. चाचा परक्या बाईचं माप घेणार नव्हते. नुसतं तेवढंच नाही, माझ्याशी बोलतानाही त्यांची नजर हातातल्या चामड्यावर असायची. इतक्या वेळात त्यांनी मला एकदाही धड पाहिलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे तोंड करून हाक मारली आणि मला आत पाठवलं. आत चाची होत्या. एवढ्याशा, चिमणीसारख्या, हातात बांगड्या भरलेल्या. फीत नव्हती. घोड्यांना फीत कशाला लागते? चाची आपल्या लेकरांचे कुडते वितीनं मापून शिवायच्या, तसंच त्यांनी माझं माप घेतलं. अंगठा इथं, करंगळी तिथं, आणि पडद्यापलीकडे ओरडून सांगायच्या.

"छाती, पाच बित्ता!"

"लिख लिया," बाहेरून चाचा म्हणायचे, म्हणजे खडूनं फळीवर रेघा ओढायचे.

माझ्या अंबाड्याचंही माप झालं, कारण टोपीला मागे फुगवटा लागणार होता. टोपी मी शिवते, मर्दाला बाईच्या केसांचं काय कळतं, असं म्हणून चाचींनी ते काम स्वतःकडे घेतलं. मग त्यांनी मला मुरमुऱ्याचा लाडू दिला आणि विचारलं, एवढं सजून जातेस कुठं? मी सांगितलं. त्या तशाच उठल्या. मग पडदा बाजूला करून म्हणाल्या, "इसका काम पहले करो."

इकडे घरी आत्याबाईंना चामड्याचा पत्ता लागला. चामडं घरात येणार नाही! मी म्हटलं, "आत्याबाई, मोट कशाची आहे? तिचं पाणी आपण पितो."

"मोट विहिरीत राह्यते," त्या म्हणाल्या. "चुलीजवय येऊन बसत नाही."

तर कोट गोठ्यात खुंटीला राहील असं ठरलं. मग पदराचा प्रश्न निघाला. डोक्यावर पदर पाहिजे, आणि डोक्यावर टोपीही पाहिजे. पदर वर की टोपी वर? पदर वर घेतला तर वाऱ्यानं उडणार, टोपी वर घातली तर पदर दिसणार नाही आणि लोक म्हणतील, माळ्याची सून बोडक्यानं चालली. यावर दोन दिवस खल झाला. शेजारच्या मळ्यातल्या बायाही येऊन आपापलं मत देऊन गेल्या. अखेर पदर आत, टोपी वर, आणि पदराचा काठ कपाळावर चार बोटं बाहेर काढायचा, असा निकाल आत्याबाईंनी दिला. ज्या बाईला ही गाडी नकोच होती ती पदराच्या काठापर्यंत कशी येऊन पोचली, हे माझ्या लक्षात आलं होतं.

कोट तयार झाल्याचा निरोप आला. मी धावतच गेले. टोपी आधी घातली. इतकी नेमकी बसली की अंबाडासुद्धा आपल्या घरट्यात गेला. मग पडद्याआड कोट घातला.

हात बाह्यांच्या आत कुठंतरी हरवले. कोपराची गादी मनगटावर, खांद्याची गादी दंडावर, आणि खालचा घेर पोटऱ्यांवर. पुढची बटणं लावल्यावर आत आणखी एक मी मावली असती. चाची तोंडाला हात लावून बघत राहिल्या. मी तशीच बाहेर आले. हे आधी हसू दाबायला गेले, ते जमेना तेव्हा ओट्यावर बसले आणि डोळे पुसायला लागले. चाचांनी पहिल्यांदाच नजर वर करून मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"पाच बित्ते मोजून कापला," ते म्हणाले. "रेघा पाहा. पाचच हायेत."

चाची पडद्यातून हात बाहेर काढून म्हणाल्या, "किसके बित्ते?"

चाचांनी आपला पंजा पुढे केला. चाचींनी आपला त्यावर ठेवला. त्यांच्या पंजाची बोटं चाचांच्या बोटांच्या मधल्या पेरापर्यंतही पोचत नव्हती. इतकी वर्षं एका घरात संसार करून या दोघांनी हातावर हात ठेवून कधी पाहिला नव्हता की काय, असं मला वाटलं. टांगेवाले हसले, हे हसले, शेवटी चाचाही हसले. मला मात्र हसू येईना. सगळी शिवण उसवून नमदा नव्यानं बसवायचा म्हणजे महिना तरी जाणार होता, कारण उसवलेला नमदा पुन्हा चालत नाही, दुकानातला संपला होता आणि नवा अकोल्याहून यायचा होता. महिन्याभरात आईचा दुसरा डोळाही गेला तर? मी तो कोट तसाच उचलून घरी आणला, गोठ्यात टाकला आणि गव्हाणीजवळ बसून मोठ्यानं रडले. बैलांनी माना वळवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले तर आत्याबाई कोट घालून उभ्या.

"नुस्ता पाहून राह्यलो," त्या म्हणाल्या.

आत्याबाई भल्या थोरल्या बाई. कोट त्यांना असा बसला होता, जणू माप त्यांचंच घेतलं होतं. कोपराची गादी कोपरावर, खांद्याची खांद्यावर. त्यांनी हात वर केले, खाली केले, एकदा खांबावर कोपर आपटून पाहिलं आणि म्हणाल्या, "लागत नाही वं." मग लेकाला हाक मारली. "काढ रे तुही ते फटफटी. आंधी मी बसून पाहातो. पडलं तं म्हातारी पडू दे. सडकेच्या त्या वडापर्यंत ने अन् आन."

मी माझी टोपी त्यांना दिली नाही. तेवढा राग मला आला होता. त्यांनी डोक्याला फडकं घट्ट बांधलं, यांचा धुळीचा चष्मा लावला, आणि काष्टा सावरून गाडीवर अशा बसल्या की मीच बघत राहिले. धूर उडाला, कोंबड्या उडाल्या, आणि दोघं गेले.

वडापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो? भाकरी झाल्या. मोट चालवणारा गडी जेवून गेला. ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता नाही. आधी मला वाटलं, पडले. मग काळजीनं दोनदा सडकेपर्यंत जाऊन आले. वडाखाली बसलेल्या गुराख्यानं सांगितलं, "कोटवाली म्हातारी? ते तं शेलूबाजारच्या सडकेनं गेली. हात हालवून गेली."

शेलूबाजार! केनवडच्या अगदी उलट दिशेला. शेलूबाजार आत्याबाईंचं माहेर. माझा कोट घालून, माझी वेळ घेऊन, ही बाई स्वतःच्या माहेरी गेली! मी विहिरीच्या काठी, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसले आणि त्या आल्यावर काय काय बोलायचं ते मनात रचत राहिले. बरंच रचलं. त्यातलं निम्मं जरी बोलले असते तरी मला कायमचं केनवडला पोचवावं लागलं असतं.

दुपार कलायच्या आत फटफटी आली. आत्याबाई उतरल्या, चष्मा काढला. धुळीच्या चेहऱ्यात डोळ्यांभोवती तेवढी दोन स्वच्छ गोल वर्तुळं राहिली होती, आणि त्यातून खाली पाण्याचे ओघळ आलेले होते. रचलेलं सगळं तसंच राहू दिलं आणि मी सरकून जागा केली.

त्या थारोळ्यावर माझ्याशेजारी बसल्या. पाणी प्यायल्या.

"वडापाशी आलो अन् याले म्हटलं, चाल अजून जरासं," त्या म्हणाल्या. "भाच्यायची पोरं हायेत आता घरात. मले कोनी वयखत नाही. उंबऱ्यावर बसलो, पानी पेलो, आलो."

मी रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला.

"माही माय बिमार होती तवा मलेही असाच निरोप आला होता. बैलं मोटेवर होते. तुह्या सासऱ्यानं म्हटलं, उद्या सोडतो. मीही म्हटलं, हो, उद्या. मिरच्या ऐन भरात होत्या." त्यांनी कोटाचं बटण काढलं. "मी गेलो तवा लोकं तिले मसनात पोचवून आले होते. राख पाह्यली मी."

हे फटफटीपाशी पाठ करून उभे राहिले होते. आपल्या आईची ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी.

आत्याबाई उठल्या. मिरचीची पोती शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन आल्या, कोट माझ्या अंगावर चढवला आणि पाठीमागून जास्तीचं कापड मुठीत धरून सरळ अंगावरच शिवायला लागल्या.

"हालू नको. टोचलं तं मले बोल लावू नको."

"आज? आता?" मी विचारलं. "उद्या सकाळी निघू की."

"उद्याचं नाव काढू नको माह्यासमोर," त्या म्हणाल्या. "रात्रीची राह्य तिथं. वांग्यायचं मी पाहातो."

पाठीवर पोत्यासारखी ही मोठी शिवण पडली. बाह्या दुमडून टाचल्या. टोपीचे बंद त्यांनी हनुवटीखाली असे करकचून बांधले की मला हो म्हणायलाही तोंड उघडेना. गुडघ्यांच्या गाद्या बांधल्या, यांचा चष्मा चढवला, पदराचा काठ कपाळावर चार बोटं मोजून काढला. चामड्याला इतका वेळ हात लावला, पण नंतर हात धुतलेले मला दिसले नाहीत.

वाटेत आम्ही पडलो नाही. एवढा बंदोबस्त केला आणि पडलो नाही, याचं यांना थोडं वाईटच वाटलं. केनवडच्या वेशीत शिरलो तेव्हा सूर्य अजून बराच वर होता. गल्लीतली पोरं ओरडत मागे पळाली, बायांनी दारं लोटून घेतली. आई ओसरीवर बसून डाळ निवडत होती. निवडत कसली, चाचपत होती.

"कोन साहेब आले?" तिनं आवाजाच्या दिशेनं विचारलं. "पोरगा घरी नाही."

मी बोलायला गेले तर तोंड उघडेना. चष्मा काढला, पण टोपीचे बंद सुटेनात. यांनी प्रयत्न केला, गाठ आणखी आवळली गेली. मी रडकुंडीला येऊन तशीच आईच्या पुढ्यात जाऊन बसले. तिनं कोटावरून हात फिरवला. "हे काय, झूल हाये का?" मग हात वर आला, टोपीवर, अंबाड्याच्या फुगवट्यावर, आणि तिथून हनुवटीखालच्या गाठीवर. तिथं तिची बोटं थांबली. डाळीतले खडे शोधणारी ती बोटं होती, त्यांनी ती गाठ सोडवली. टोपी निघाली.

"आंधी तोंड धू," ती म्हणाली. "धूय पाहायले बलावलं का मी तुले?"

मी तोंड धुऊन आले. तिनं मला ओसरीच्या कडेला उन्हाच्या तोंडाशी बसवलं आणि आपला चांगला डोळा माझ्या तोंडाजवळ आणला. कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, हनुवटी वर करून पाहिली. इतका वेळ मला कुणीच कधी पाहिलं नसेल.

"बारीक झाली," ती म्हणाली. "नाक तसंच हाये, बापासारखं. दिसली बाई मले. दिसली."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडले. मला इतकं सुख पुन्हा फार थोड्या वेळा मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळ्यावर परतलो. आत्याबाई वाटेच्या तोंडाशीच उभ्या होत्या. गाडी कशी चालली, कोट कसा बसला, कुठं खरचटलं का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मी उतरायच्या आत माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "पाह्यलं का तिनं तुले?"

"पाह्यलं," मी म्हटलं.

"चांगलं पाह्यलं?"

"हो, आत्याबाई. उन्हात बसवून पाह्यलं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि मिरच्यांना पाणी सोडते म्हणून फावडं घेऊन निघून गेल्या. त्या दिवशी मिरच्यांची पाण्याची पाळी नव्हती.